सरांचा अभिप्राय

समाधानी वाचकांच्या आलेखाची ग्रंथपालबाईने पुन्हा एकदा बेरीज केली आणि ती पुन्हा एकशे बारा टक्क्यांवर गेली. तिने कागद टेबलावर ठेवला आणि रुमालाला बोटं पुसली. कागद कोरा करकरीत होता, नुकताच प्रिंटरमधून निघालेला, तरी हात चिकट झाल्यासारखे वाटत होते.

लेख तिच्याच ग्रंथालयावर होता. लेखकमहाशयांनी म्हणे चारशे वाचकांना प्रश्नावली वाटली, चारशेच्या चारशेंनी ती भरून परत केली आणि झाडून सगळे ‘समाधानी’ नाहीतर ‘अत्यंत समाधानी’ निघाले. पाहणी कोणत्या महिन्यांत केली तेही ठसठशीत छापलं होतं. त्या महिन्यांत वाळवीचं औषध मारायचं म्हणून वाचनकक्षाला कुलूप होतं आणि किल्ली हिच्या पर्समध्ये होती. समाधानी कोणी असेलच तर ती वाळवी. लेखाच्या सुरुवातीचे दोन परिच्छेद दुसऱ्या कोणाच्या तरी लेखातून उचलले होते, आणि उचलताना त्या दुसऱ्या, बेटावरच्या ग्रंथालयाचं बोटींचं वेळापत्रकही घाईत सोबत आलं होतं.

गेले काही आठवडे ती हीच घाण उपसत होती. पैसे घेऊन वाट्टेल ते छापणाऱ्या बोगस शोधपत्रिका हुडकून काढायच्या आणि त्यांची यादी करायची, असं काम विद्यापीठाच्या ग्रंथालय समितीने तिच्यावर सोपवलं होतं. नव्या संशोधकांनी त्यांच्या नादी लागू नये हा हेतू. प्रत्येक पत्रिकेखाली तिच्या संपादकांची आणि परीक्षकांची नावंही द्यायची होती, म्हणजे निदान मोठी माणसं तरी चपापतील असं समितीच्या अध्यक्षांना वाटत होतं. यादी सोमवारी सगळ्या विभागांत जायची होती. ही पत्रिका तिच्या यादीत शेवटची. तिने शेवटचं पान उलटलं, परीक्षकाचं नाव टिपून घ्यायला पेन उचललं आणि तिथेच थांबली.

परीक्षक म्हणून तिच्या वडिलांचं नाव छापलं होतं. पदव्यांसकट, ‘निवृत्त विभागप्रमुख’ या बिरुदासकट. अभिप्राय गेल्या महिन्यातला होता. वडिलांना जाऊन दीड वर्ष झालं होतं.

तिने संगणकावर पत्रिकेचे जुने अंक उघडले. त्या अंकांतही ते होते, कुठे संपादक मंडळावर, कुठे लेखाच्या तळाशी. वडिलांनी आयुष्यात कोणाचा भिकार लेख पुढे सरकू दिला नव्हता. त्यांच्या हाताखालून सुटलेला प्रबंध म्हणजे बावनकशी, असं त्यांचे शत्रूही मान्य करायचे. नाकाशी घाणेरडा वास आल्यासारखं तोंड करून कागद दोन बोटांत धरायची त्यांची सवय सगळ्या विभागात प्रसिद्ध होती. लोक म्हणायचे, मुलीने ती जशीच्या तशी उचलली आहे. तिला ते ऐकायला आवडायचं. आणि आता त्याच माणसाला कोणीतरी मेल्यानंतर या उकिरड्यावर आणून बसवलं होतं.

पत्ता अंकावरच होता. दुपारची सुट्टी टाकून ती निघाली.

पत्रिकेचं कार्यालय एका कपड्यांच्या दुकानाच्या वर होतं. जिन्यात फाटकी खोकी आणि सुतळ्या पडल्या होत्या. आत एकच खोली, तिच्या चार भिंतींवर चौकटीतली प्रमाणपत्रं, आणि टेबलापाशी संपादक चहात बिस्किट बुडवून खात होता. बिस्किटाचा तुकडा चहात पडला. त्याने तो बोटाने काढला, तोंडात टाकला आणि बोट समोरच्या एका लेखाला पुसलं.

“बसा ना मॅडम. लेख द्यायचाय? आठ दिवसांत छापून देतो.”

“एक नाव काढून टाकायचंय,” ती म्हणाली आणि तिने अंक त्याच्यासमोर उघडून ठेवला. “हे माझे वडील. ते वारलेत.”

संपादकाने चष्मा वर केला. त्याला खरोखरच धक्का बसलेला दिसला, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

“अरेरे! कधी हो?”

“दीड वर्ष झालं.”

“कसं शक्य आहे? परवाच तर सरांचा रिपोर्ट आलाय.”

“खोटं बोलू नका.”

“मॅडम, आमच्याकडे बाकीचे परीक्षक सहा-सहा महिने उत्तर देत नाहीत. सरांचं तसं नाही. आज लेख पाठवला की चार दिवसांत रिपोर्ट हजर. आणि काय भाषा! वजन असतं हो त्यांच्या शब्दाला.” त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. “बघा तुम्हीच.”

पत्ता वडिलांचाच होता. तोच जुना, विभागाच्या नावाचा, जो त्यांनी निवृत्तीनंतरही सोडला नव्हता. याने तो कसा बळकावला असेल, याचा ती विचार करत राहिली. असल्या माणसांना काय अशक्य असतं.

“सोमवारच्या आत नाव काढा,” ती म्हणाली. “नाहीतर मी पोलिसांत जाईन.”

“काढतो ना, लगेच काढतो. फक्त सरांच्या मेलवरून दोन ओळींची विनंती यायला हवी.”

“ते गेलेत म्हणून सांगतेय ना तुम्हाला!”

“तुमचं दुःख मी समजू शकतो. पण पद्धत म्हणजे पद्धत. उद्या कोणीही उठून यायचं आणि म्हणायचं, अमक्याचं नाव काढा. शोधपत्रिका आहे मॅडम, विश्वासावर चालते.”

त्याने दुसरं बिस्किट उचललं. ती उठली आणि कठड्याला हात न लावता जिना उतरली.

वडिलांचा मेल उघडायचा तर त्यांचा संगणक हवा होता, आणि तो आईच्या घरी होता. आई एकटीच राहायची. मुलगी दर रविवारी जायची. आज मधल्याच वारी, अवेळी गेली. आपल्याजवळच्या किल्लीने तिने दार उघडलं. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. वडिलांच्या खोलीतून टकटक ऐकू येत होती.

आई वडिलांच्या खुर्चीत बसली होती. पाठीला उशी, डोळ्यांवर जाड चष्मा, दोन्ही हात कीबोर्डवर. पडद्यावर वडिलांचा मेल उघडा होता.

“तू?” मुलगी म्हणाली.

“अगं, आज कशी काय? थांब, एवढं वाक्य होऊ दे,” असं म्हणून आईने वाक्य पुरं केलं, पूर्णविराम दिला आणि मग खुर्ची वळवली. तिच्या चेहऱ्यावर लपवाछपवी कसली ती नव्हती. मुलीच्या हातातला अंक पाहून ती म्हणाली, “आला का छापून? मला कोणी पाठवत नाही बघ.”

“आई, हे सगळे रिपोर्ट तू लिहितेस?”

“मग कोण लिहिणार? ते गेल्यावर महिनाभराने या पत्रिकेवाल्यांचं पत्र आलं. आदरणीय सर, आपण आमच्या मंडळावर यावं, ही आमची विनंती. इतक्या आदराने शेवटी-शेवटी कोण विचारत होतं त्यांना? फोनसुद्धा वाजायचा नाही. मी हो म्हणून कळवलं. मग लेख यायला लागले. माणसं वाट बघत असतात गं उत्तराची.”

“तुला त्यातलं काय कळतं?”

“लेखातलं काही नाही कळत. रिपोर्टातलं कळतं.” आईने चष्मा पदराने पुसला. “लग्न झाल्यापासून त्यांचे रिपोर्ट मीच टाईप करत आले. त्यांचं अक्षर त्यांना तरी कुठे लागायचं? ते फेऱ्या मारत सांगायचे आणि मी टाईप करायची. सगळं पाठ आहे. सगळं त्यांचंच लिहिते, माझ्या पदरचा एक शब्द नाही. शेवटची ओळ तेवढी बदलते.”

“म्हणजे?”

“ते लिहायचे, लेख परत पाठवावा. मी लिहिते, लेख प्रसिद्ध करण्यास हरकत नाही.”

मुलगी पलंगावर बसली. तिला हसू येईल की ओकारी, हे तिचं तिलाच कळेना.

“किती पोरं या दारातून डोळे पुसत गेलीत, तुला माहीत नाही,” आई म्हणाली. “तू शाळेत असायचीस. एक मुलगी तर जिन्यातच बसून राहिली होती. मी पाणी नेऊन दिलं, तर हे आतून ओरडले, तिला लाडावू नकोस म्हणून. मी एकालाही परत पाठवलं नाही अजून.”

“अगं पण हे बोगस लोक आहेत! पैसे घेऊन छापतात. वाळवी लागलेल्या कुलूपबंद खोलीत चारशे माणसं बसवलीत याने, आणि त्याखाली बाबांचं नाव आहे. बाबांचं! सोमवारी यादी निघणार आहे माझी. सगळे विभाग वाचतील. आयुष्यभर जपलेलं नाव त्या माणसाच्या खरकट्यात जाऊन पडलंय.”

आईने अंकाच्या मुखपृष्ठाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “मला काय ठाऊक? मी म्हटलं, मोठी पत्रिका असेल. मग आता काय करायचं?”

“ऊठ. मी दोन ओळी लिहिते त्यांच्या मेलवरून. नाव काढतील.”

आई उठली. मुलगी वडिलांच्या खुर्चीत बसली. पडद्यावर आईने अर्धवट लिहिलेला अभिप्राय होता, कोणाच्या तरी नव्या लेखावरचा. तो पुसायला तिने माऊसवर हात ठेवला आणि नकळत वाचायला लागली.

‘विषय चांगला आहे, परंतु तो लेखकाच्या आवाक्यातला नाही. ज्याला वाचता येते त्याने लिहिलेच पाहिजे, असा काही नियम नाही. संशोधनापेक्षा पुस्तके नीट लावून ठेवण्यासारखे एखादे काम लेखकाने पत्करल्यास ते अधिक उपयुक्त ठरेल.’

ही वाक्यं तिला तोंडपाठ होती. चोविसाव्या वर्षी ती तिला एका टपालाच्या पाकिटातून आली होती. जुन्या पुस्तकांच्या कडांना वाचकांनी पेन्सिलीने लिहून ठेवलेल्या शेऱ्यांवर तिने दोन वर्षं खपून लेख लिहिला होता, पहिलाच. पत्रिका चांगली होती, नावाजलेली, आणि परीक्षकाचं नाव नेहमीप्रमाणे गुप्त. दोन दिवस ती जेवली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने संशोधन सोडल्याचं जाहीर केलं आणि महिन्याभरात ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीवर नोकरी धरली. त्या निनावी माणसाला तिने कित्येक वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. वडिलांनी तेव्हा एवढंच म्हटलं होतं की परीक्षकाला काहीतरी दिसलं असेल. आणि ताटातली पोळी मोडली होती.

“हे कोणाचं?” तिने विचारलं. आवाज तिला परका वाटला.

“यांचंच. सांगितलं ना, माझं काही नसतं.”

“हे मला आलं होतं.”

आई खिडकीशी गेली आणि नीटच असलेला पडदा नीट करू लागली.

“त्यांना माहीत होतं? लेखावर नाव नसतं, आई. तसं तर त्यांना कळायचं कारण नव्हतं.”

“महिनोन् महिने घरात तुझं दुसरं बोलणं नव्हतं. पेन्सिलीचे शेरे, पेन्सिलीचे शेरे.” आईची पाठ तिच्याकडेच होती. “मी म्हटलं त्यांना, पोरीचा आहे, दुसऱ्या कोणाकडे जाऊ दे. तर म्हणाले, पोरीचा आहे म्हणून मी सोडला, असं कोणी म्हणता कामा नये. टाईप कर.”

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. मुलीने संगणकावरची ती वाक्यं पुन्हा वाचली. लेख वाईट होता का, हे आता कोणाला विचारायचं? ज्याने तो वाचला त्याने आधी आपले हात स्वच्छ ठेवले होते. ते स्वच्छ हात तिला डोळ्यांसमोर दिसले, पोळी मोडणारे, आणि बिस्किटवाल्याच्या बोटापेक्षा तिला त्यांचीच जास्त किळस आली.

तिने माऊस सोडला. अर्धा अभिप्राय तसाच राहिला.

“लिहितेस ना दोन ओळी?” आईने विचारलं. “नाव काढायचंय ना त्यांचं?”

“राहू दे.”

“अगं, आणि तुझी ती यादी?”

“यादीतही राहू दे.”

आई वळली. तिने मुलीकडे पाहिलं, मग रिकाम्या झालेल्या खुर्चीकडे. मुलगी उठली होती आणि रुमाल शोधत होती. तो सापडला तेव्हा तिने बोटं एकेक करून पुसली, बराच वेळ.

“जेवून जातेस?” आई म्हणाली.

“तू बस,” मुलगी म्हणाली. “मी लावते कुकर.”