कूलरची उंची

श्यामसुंदर खानझोडेंनी आयुष्यात एकदाच माप खोटं सांगितलं, आणि तेही पोटच्या पोराला.

आता खोटं माप म्हणजे असं काय मोठं, कोणी म्हणेल. अहो, ज्या माणसाने जबलपूरच्या रांझीच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली, ज्याने मोजलेलं पुन्हा मोजायला साहेबसुद्धा लाजायचे, त्याच्यासाठी ती चोरीच होती. चहात साखर किती, हे सांगतानाही त्यांच्या तोंडून कधी 'अंदाजे' निघालं नाही. पत्नी विनताबाई होत्या तोवर यावरून त्यांची मनसोक्त टर उडवायच्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा अनिमेष पुण्याला नोकरीत. घर खायला उठायचं, आणि श्यामसुंदर मुकाट्याने बसून राहायचे.

वेळ जावा म्हणून त्यांनी अनिमेषच्या जुन्या डेस्कटॉपवर मशीनची ड्रॉइंगं काढायला घेतली. टूलरूममधलं लेथ, आठवणीतून, एकेक गिअर. पण ते लेथ पडद्यावर फिरवायला गेलं की कॉम्प्युटर हातपाय गाळायचा. रविवारच्या फोनवर त्यांनी हे सहज सांगितलं. एरवी तो फोन म्हणजे तब्येत, गोळ्या, संपलं. त्या दिवशी मात्र पोरगा एकदम जागा झाला.

"बाबा, तो प्रोसेसर ओव्हरक्लॉक होते. म्हणजे कंपनीनं ठरवला त्याच्यापेक्षा जास्त स्पीडनं पळवता येते त्याला. फक्त मग तो तापते. सोबत आलेला छोटा कूलर पुरणार नाही. मोठा टॉवरवाला लागेल."

"पाण्याचाही असते म्हणे?"

"नको. लीक झाला तर एकटे काय करसाल? एअर कूलरच पाहू."

मग अनिमेषने समजावलं: तांब्याच्या नळ्या उष्णता वर नेतात, वर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची चळत असते, तिच्यातून पंखा ती फुंकून काढतो. श्यामसुंदरांनी विचारलं, तळ घासून सपाट केलेला असतो की नुसता कापलेला? नळ्या डाख देऊन जोडतात की ठोकून बसवतात? पोराला अर्ध्या प्रश्नांची उत्तरं येईनात, तो शोधून सांगू लागला. फोन ठेवला तेव्हा एक्केचाळीस मिनिटं झाली होती. श्यामसुंदरांनी चष्मा लावून आकडा दोनदा पाहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठ वाजता पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशीही. शेजारच्या हर्षाताईंच्या कानावर गेलं की खानझोडे कूलर घेऊन राहिले. मे महिन्यात जबलपुरात कोण नाही घेत? त्या येऊन खोलीच्या कूलरला खसच्या ताट्या कुठे चांगल्या मिळतात ते सांगून गेल्या. श्यामसुंदरांना हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं.

चौथ्या दिवशी अनिमेषने कूलर पक्का केला. "एकशे अठ्ठावन्न मिलिमीटर उंच आहे. प्रोसेसरच्या माथ्यापासून कॅबिनेटच्या झाकणापर्यंत किती जागा आहे, मोजा. बसत असेल तर आत्ताच ऑर्डर टाकतो."

श्यामसुंदरांनी झाकण उघडलं, डेप्थ गेज लावला, तीनदा मोजलं. एकशे चौसष्ट. वर सहा मिलिमीटर उरत होते. म्हणजे ऑर्डर. म्हणजे उद्यापासून आठ वाजता कोणी फोन करायचं कारण नाही.

"एकशे चौपन्न," ते म्हणाले.

"अरे यार. चलो, दुसरा पाहू."

पुढचे तीन आठवडे हा दुसरा चालला. ठेंगणा कूलर मिळाला, तर त्याचा पंखा रॅमवर चढत होता. अगदीच बुटका मिळाला, तर श्यामसुंदर म्हणाले, इथं खोलीच चाळीस डिग्रीला, त्याच्या एवढ्याशा पट्ट्या काय करणार? ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असला तो प्रकार. पण या कूलरांच्या आडून पोरगा बोलू लागला होता. पंख्यांच्या आवाजाबद्दल बोलताना मध्येच म्हणाला की रूम पार्टनर सोडून गेला, आता तो एकटाच आहे. श्यामसुंदर नुसते "अच्छा" म्हणाले. पण फोन लवकर ठेवला नाही.

मग एका संध्याकाळी अनिमेषचा आवाज वेगळा लागला. फार मऊ.

"बाबा, कॅबिनेटच्या कंपनीची साइट पाहिली. तिथं एकशे पासष्ट लिहून आहे. तुम्ही चौपन्न म्हणाले होते."

श्यामसुंदरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"होते असं कधीकधी. टेन्शन नका घेऊ. मोतीबिंदू असेल. हर्षाताईंना सांगतो, त्या दवाखान्यात नेतील. आणि मापबीप नका घेत जाऊ आता. दुकानातला माणूस पाठवतो मी."

म्हातारा म्हटलं असतं तर चाललं असतं. हट्टी, चिकट, काहीही चाललं असतं. पण माप चुकलं? खानझोडेचं?

"चौसष्ट आहे," ते म्हणाले. "एकशे चौसष्ट. मला तेव्हाच माहीत होतं. डोळे ठणठणीत आहेत माझे."

"मग चौपन्न काहून सांगितलं?"

"बसते म्हटलं असतं तर तू फोन केला असता का दुसऱ्या दिवशी?"



"सरळ बोलायचं ना बाबा."

"सरळ काय बोलू? माझ्याशी बोलत जा, म्हणू? लहान आहो का मी?"

मग तोच पहिला कूलर मागवला, तो पाचव्या दिवशी आला. श्यामसुंदरांनी तो स्वतः बसवला, चारही स्क्रू कोपरासमोर कोपरा धरून, थोडे थोडे कसत. अनिमेषने फोनवर आकडे सांगितले तसा स्पीड वाढवला. लेथ पडद्यावर सुळसुळ फिरलं.

"आता रोज आठला फोन करीन," अनिमेष म्हणाला. "रिमाइंडर लावला आहे, चुकणार नाही."

आणि पोरगा शब्दाला जागला. रोज बरोबर आठ. कसे आहात. बरा आहे. जेवण? झालं. तुझं? करतो आता. मयताच्या घरी भेटायला आलेल्या पाहुण्यांसारखे दोघं शब्द शोधायचे, आणि दोन मिनिटांत फोन ठेवला जायचा. श्यामसुंदरांना वाटायचं, रिमाइंडर वाजल्यावर पोराला कंटाळा येत असेल. या फोनपेक्षा पूर्वीचा रविवारचा फोन बरा होता. त्यात दया तरी नव्हती.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी कॉम्प्युटर चालू होता, फोन त्याच्या शेजारीच स्पीकरवर ठेवलेला. जेवण विचारून झालं होतं.

"मग ठेवू बाबा?"

"अनिमेष," श्यामसुंदर म्हणाले, "पंखा आवाज करून राहिला."

खोलीत कसलाही आवाज नव्हता. पंखा इतका शांत फिरत होता की कान लावूनही ऐकू येऊ नये, आणि ती शांतता पुण्यात ऐकू जात असणारच. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि तो बसला.

"कसला आवाज? खरखर, की घूं घूं?" त्याने विचारलं. "आरामात सांगा. मला घाई नाही."

"खरखर," श्यामसुंदर म्हणाले, आणि आपलीही खुर्ची फोनजवळ ओढली.