बुधवारचा उपवास

“जिरं टाकू नकोस,” मार्था म्हणाली.

पुनमचा हात डब्यावरच थांबला. “आता जिऱ्यानं काय केलं?”

“काहींच्यात उपवासाला चालत नाही.”

“मम्मी, आज बुधवार आहे. बुधवारी कुणाचा उपवास असतो? अन् आज नाताळ आहे, हे तरी ध्यानात आहे का तुझ्या?”

मार्थानं मान वर केली नाही. सकाळची उपासना आटोपून दोघी चर्चमधून परतल्या त्याला दोन तास होऊन गेले होते, तरी तिनं नवी साडी बदलली नव्हती. पदर कमरेला खोचून ती भिजलेला साबुदाणा बोटांनी मोकळा करत होती. प्रत्येक दाणा सुटा झाला पाहिजे, एकही दुसऱ्याला चिकटून राहता कामा नये, अशी काळजी त्या बोटांत होती. बासष्ट वर्षांची ती बोटं अजूनही दवाखान्यातल्यासारखीच चालत. घाई नाही, चूक नाही.

पुनम लातूरला एका शाळेत शिकवायची. काल दुपारच्या एसटीनं ती नांदेडला आली, ती मोबाइलमध्ये एक यादी घेऊनच. घरच्या घरी नाताळ पार्टीसाठी सोपे, झटपट पदार्थ: चीज बॉल, ब्रेड रोल, कटलेट, छोट्या बिस्किटांवर रचलेलं काहीबाही, वर टूथपिक खोचलेली. मार्थानं ती यादी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि मग एकेक पदार्थ बाद केला. ब्रेड नको. मैदा नको. कांदा-लसूण तर नकोच. उरल्या त्या फक्त टूथपिक. त्यांच्याभोवती तिनं स्वतःची यादी उभी केली: साबुदाण्याचे सुपारीएवढे वडे, भगरीचे आप्पे, राजगिऱ्याच्या रुपयाएवढ्या पुऱ्या, त्यांवर चमचाभर बटाट्याची भाजी, रताळ्याचे तुपातले काप.

“उपवास वाराला नसतो गं,” ती म्हणाली. “आपल्या दारात आलं की लागतो.”

या कॉलनीत तिला तेवीस वर्षं झाली होती. नवरा गेल्याला नऊ. सरकारी दवाखान्याच्या प्रसूती वॉर्डात तिनं नोकरी काढली आणि उरलेल्या वेळात कॉलनीची सेवा. कुणाचं इंजेक्शन, कुणाची ड्रेसिंग, कुणाच्या म्हाताऱ्या सासऱ्याचं बीपी. तिचं नाव मार्था आहे, हे निम्म्या घरांना ठाऊक नव्हतं. सगळ्यांची ती सिस्टर. समोरच्या सौदामिनी मॅडमना कळा सुरू झाल्या, ती आषाढातली पहाट तिला अजून आठवत होती. रिक्षात त्यांनी मार्थाचं मनगट असं धरलं होतं की नखांच्या खुणा आठवडाभर गेल्या नाहीत. त्यांच्या लेकीला, भार्गवीला, या जगात पहिला हात लागला तो मार्थाचा.

आणि तरीही दर नाताळाला तिनं पुढं केलेल्या ताटलीपाशी येऊन सगळे थबकत. ‘आज सोमवार आहे ना, सिस्टर.’ ‘माझी चतुर्थी.’ ‘शनिवार धरलाय यांच्यासाठी.’ आणि मग, अगदी गोड आवाजात, ‘बांधून द्या की, घरी नेते.’ मग तिनं घरी करणं सोडून दिलं आणि बेकरीतून केक आणू लागली. बेकरीच्या केकला कुणाच्या हाताचा वास नसतो, तो तरी चालेल, असं तिला वाटलं होतं. गेल्या वर्षी चार तुकडे बांधून चार घरी गेले. दुसऱ्या दिवशी कॉलनीत धुणीभांडी करणारी दानम्मा तिला नळावर भेटली आणि निर्मळ आनंदानं म्हणाली, “सिस्टर, तुमचा केक लई मस्त होता बघा. चारी घरचा मलाच भेटला!”

मार्था हसली होती. दानम्मानं खाल्ला, याचं तिला बरंच वाटलं होतं. पण त्या दिवसापासून तिच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. एकदा, निदान एकदा, माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीवर बसून, माझ्या देखत कुणीतरी खावं. बांधून न नेता.

“तुला खरंच वाटतं, ते उपवासामुळं खात नाहीत?” पुनमचा आवाज आता चढला नव्हता, उलट खाली आला होता. “तुला कळत नाही का, कशामुळं खात नाहीत ते?”

“मला कळत नाही?” मार्थानं हात थांबवले. “पुनम, मी तुझ्याआधी चौतीस वर्षं जन्मले. मला सगळं कळतं. म्हणून तर त्यांचं कारण काढून घेऊन राहिले. कारणच नाही राहिलं, तर मागं काय राहतं ते तरी दिसंल.”

पुनमनं जिऱ्याचा डबा फडताळात ठेवून दिला आणि बटाटे सोलायला घेतले.

चार वाजता बैठकीची खोली तयार झाली. दारावर कागदी चांदणी, टेबलावर पांढरा कपडा आणि त्यावर ते चिमुकले पदार्थ, प्रत्येकाच्या माथ्यावर लाल-हिरव्या टोकाची टूथपिक. पुनमनं मांडणी मात्र मन लावून केली होती. अकरा घरी आमंत्रण गेलं होतं. सव्वाचारला कुणी आलं नाही. साडेचारला कुणाच्यातरी घरचा फोन आला, पाहुणे आलेत म्हणून. मार्था खुर्चीवर ताठ बसून होती. वॉर्डात पहाटेच्या वेळी, डॉक्टर येईपर्यंत ती अशीच बसायची.

पावणेपाचला फाटक वाजलं. पुढं सौदामिनी मॅडम, हातात गुलाबाची छोटी कुंडी, मागं सिंधुताई. सिंधुताई रेणापूरकडच्या. घरची शेती नवऱ्यावर, हणमंतरावांवर, सोपवून त्या आठ महिन्यांपूर्वी मुलाकडं राहायला आल्या होत्या आणि शहरातल्या बंद दारांना अजून सरावल्या नव्हत्या.

“मेरी ख्रिसमस, सिस्टर!” मॅडम प्रसन्न हसल्या. “आमच्या ह्यांनीही शुभेच्छा सांगितल्यात. अगबाई, केवढं केलंत हे! किती नाजूक!”

“बसा मॅडम. बसा सिंधुताई. पुनम, ताटल्या आण.”

ताटली हातात आली तसा मॅडमच्या चेहऱ्यावर तो ओळखीचा, दिलगीर भाव उमटला. मार्थानं तो इतक्या वेळा पाहिला होता की, पुढचं वाक्य तिला पाठ होतं. “नाही, म्हणजे काय झालंय सिस्टर, उद्या एकादशी आहे माझी. त्यात मार्गशीर्षातला गुरुवार. म्हणून आजपासूनच जरा पोटाला…”

“सगळं उपवासाचंच आहे मॅडम.”

“सगळं?”

“साबुदाणा, भगर, राजगिरा, रताळं. जिरं नाही, कोथिंबीर नाही. मीठ शेंदेलोण. तेल शेंगदाण्याचं, काल फोडलेला डबा. कढई नवी आहे. तिच्यावरचं स्टिकर आज सकाळी काढलं.”

ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती द्यावी, तशा सपाट आवाजात तिनं हे सांगितलं. पुनम दाराच्या चौकटीला टेकून मॅडमकडं बघत होती. त्या नजरेत राग होता, आणि रागाच्या आत कसलीशी विनवणीही.

सौदामिनी मॅडम ताटलीकडं पाहत राहिल्या. त्या दुष्ट बाई नव्हत्या. सासूच्या हाताखाली पंधरा वर्षं काढलेली, देवघरावरून आणि स्वैपाकघरावरून कुणाशी वाद होऊ नये म्हणून आयुष्यभर हळू बोलत आलेली ती बाई होती. कुणीतरी आपल्यासाठी एकेक वाट किती काळजीनं बंद केली आहे, हे बहुधा त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्यांनी एक वडा उचलला, टूथपिक बाजूला ठेवली आणि तो तोंडात टाकला.

कुरकुरीत आवाज झाला. मार्थानं तो ऐकला.

“सुरेख!” मॅडम म्हणाल्या, आणि सुटका झाल्यासारखं त्यांना भडाभडा बोलायला आलं. “सुरेख झालेत हो सिस्टर! अगदी आमच्या घरच्यासारखे. सांगितलं नसतं ना, तर कळलंसुद्धा नसतं!”

“काय कळलं नसतं?” पुनमनं विचारलं.

मॅडमचा दुसरा वडा हातातच राहिला. “म्हणजे… की इतके छान… घरी केलेत म्हणून.”

मार्था हसली. हसू खरं होतं. तेवीस वर्षांची वाट त्यात होती. पण हसतानाच तिला जाणवलं की, आत काहीतरी हलकेच सरकलं. जे मिळावं म्हणून हात पुढं केला होता ते मिळालं होतं, आणि हातात मात्र काहीच लागत नव्हतं. अगदी आमच्या घरच्यासारखे.

“काकू, तुम्ही घ्या ना,” पुनम सिंधुताईंकडं वळली.

सिंधुताईंनी ताटली मांडीवर ठेवली होती, तशीच. “मला न्हाई खायचं.”

मार्थानं त्यांच्या मांडीवरच्या ताटलीकडं पाहिलं. हिलाही चालत नाही मग. आठ महिन्यांतच कॉलनीची रीत लागली.

“तसं न्हाई वो, सिस्टरबाई!” सिंधुताईंनी तिचा चेहरा पाहून हात हलवला. “मला कशाचा उपास? जन्मभर लई उपास केले, आता गोळ्या हायत शुगरच्या, डाक्टर वरडतो. आज तर सकाळधरनं पोट राखून बसले बघा. सून म्हनली, जेवा. म्हनलं न्हाई, सिस्टरबाईच्या घरी सण हाय, आज तिथंच हानते. अन् तुमी हे साबुदानं मांडून राहिल्या! हे तर मी जन्मभर दर सोमवारी गिळलंच की. तुमच्या सणाचं कुठं हाय?”

पुनम खळखळून हसली, आणि हसता हसता तिनं ओठ आत घेतले.

मार्थानं खोलीभर नजर फिरवली. टेबलावर, ताटल्यांत, दारामागच्या स्वैपाकघरात दिवसभर तिनं दुसऱ्यांच्या देवांची मर्जी सांभाळली होती. तिच्या स्वतःच्या सणाचं, ज्याला ती माझं म्हणू शकेल असं, घरात काहीही नव्हतं. जो प्रश्न कुणी विचारणारच नाही असं ती धरून चालली होती, तो कुणीतरी विचारला होता.

सौदामिनी मॅडम उठल्या. ताटलीत दुसरा वडा अर्धा राहिला होता. “येते सिस्टर, भार्गवीचा फोन यायचा आहे.” दाराशी त्या क्षणभर थांबल्या, काही बोलायचं होतं तसं, मग त्यांनी मार्थाच्या दंडाला नुसता हात लावला आणि फाटक हळूच लोटून त्या गेल्या.

“मी बी जाऊ?” सिंधुताई म्हणाल्या. “वाईट वाटलं का तुमाला? माझं तोंडच असं हाय.”

“बसा,” मार्था म्हणाली. “तुम्हाला भूक लागली ना? बसा तुम्ही. अर्धा तास द्या मला.”

ती स्वैपाकघरात गेली. परातीत गव्हाचं पीठ घेतलं, गूळ चिरून कोमट पाण्यात टाकला. बडीशेप तळहातावर चुरडली. अहमदपूरजवळच्या तिच्या माहेरच्या लहानशा वस्तीत नाताळाच्या पहाटे गाणी म्हणत मंडळी दारोदार फिरायची, आणि तिची आई चुलीपुढं बसून त्यांच्यासाठी हेच तळायची. किती गूळ, किती पाणी, आई डोळ्यांनी मोजायची. मार्थानं मापं कधी विचारली नव्हती. विचारायला पुढं खूप वेळ आहे असं वाटत राहिलं, आणि मग आई गेली. तिनं पाणी घातलं. पातळ झालं. पीठ घातलं. घट्ट झालं. बोटांना आठवेल या आशेनं ती फेटत राहिली.

सिंधुताई बैठकीत थांबल्याच नाहीत. आत येऊन ओट्याजवळ भिंतीला पाठ लावून फरशीवर बसल्या. “गुलगुलं व्हय? बया! मला वाटलं, काय परदेशी असंल. आमच्यात बी करत्यात की.”

“तुमच्यात बडीशेप टाकतात?”

“न्हाई. वेलदोडा.”

“मग हे आमचं,” मार्था म्हणाली.

पुनम दारात उभी होती. “मम्मी, हे तू मला कधीच करून दिलं नाहीस.”

मार्थाचा हात पिठात थांबला. पुनम अठ्ठावीस वर्षांची होती. अठ्ठावीस नाताळ. पहिल्या पाचांत पगार तुटपुंजा होता, रात्रपाळ्या होत्या. नंतरच्या तेवीसांत शेजाऱ्यांना काय चालेल, काय चालणार नाही, याचाच हिशेब होता. त्यात या पोरीच्या जिभेला आजीची चव कधी लागलीच नाही.

“राहून गेलं,” ती म्हणाली.

पुनमनं बाह्या वर केल्या आणि आईच्या शेजारी येऊन उभी राहिली. “दाखव कसं सोडायचं ते.”

पहिला गुलगुला वेडावाकडा झाला, त्याला शेपूट फुटलं. एका बाजूनं जास्त लाल, दुसऱ्या बाजूनं कमी. पण त्याचा वास खोलीत पसरला आणि मार्थाला क्षणभर कढईपुढं कोण बसलं आहे, याचा भरवसा वाटेना.

“द्या की इकडं,” सिंधुताईंनी बसल्या जागेवरून हात पुढं केला. “ताटली-बिटली नगं.”

मार्थानं झाऱ्यावरचा गुलगुला चिमटीत धरला, त्यावर फुंकर घातली, वाकली, आणि सिंधुताईंच्या तळहातापासून वीतभर उंचीवर तिचा हात आपसूक थांबला. वरून सोडायला. वॉर्डात गोळ्या ती अशाच द्यायची, बोटाला बोट न लागता. सवय वॉर्डातली होती की त्याच्याही आधीची, हे तिला सांगता आलं नसतं.

“वरून काय टाकून राहिल्या?” सिंधुताई म्हणाल्या, आणि त्यांनी आपला हात वर नेला.

गुलगुला चटके बसण्याइतका गरम होता. दोघींपैकी कुणीच हात मागं घेतला नाही.