दातांतला देठ

मावशींनी गुलाबाचा देठ दातांत धरला, डाव्या हाताने गुच्छ आवळला आणि उजव्याने सुतळीचे तीन वेढे दिले. देवाने हात दोनच दिले, म्हणून तिसऱ्याचं काम दातांकडे, ही त्यांची बावीस वर्षांची रीत. मागच्या टेबलाशी काम करणाऱ्या लेकीलाही त्यांनी हेच शिकवलं होतं.

आज दुकानाची तपासणी होती. ओली फरशी, बादलीला टेकलेली वायर, डुगडुगणारी शिडी. तपासणीस एकेक टिपून घेत होता.

“फुलांच्या दुकानात कसला आलाय धोका?” मावशी देठ न काढताच म्हणाल्या. “फार तर काटा टोचेल.”

त्याने वर पाहिलं आणि त्याचं पेन थांबलं.

“तुम्ही नेहमी असंच धरता?”

“का? दातांनाही परवाना लागतो?”

तो हसला नाही. कोपऱ्यातलं गुलाबांचं खोकं उचलून त्याने झाकणाच्या आतली चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. अशी झाकणं मावशी रोज फाडून टाकत. चिठ्ठी मात्र त्यांनी कधी वाचली नव्हती. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

माल फवारलेला आहे. उघड्या हातांनी हाताळू नये. तोंडाला लागू देऊ नये. गरोदर स्त्रियांनी दूर राहावे.

देठ त्यांच्या तोंडातून खाली पडला. संध्याकाळी ओठ बधिर व्हायचे, चहाला चव लागायची नाही. वय झालं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं. तेही आता सुचलं नाही. पायांखालची जमीन सरकली ती वेगळ्याच गोष्टीने.

लेकीला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोटातलं पोटातच गेलं. डॉक्टरांना कारण सापडलं नाही. घरी एकटी काळजी करत बसते, म्हणून मावशींनीच तिला दुकानात बोलावलं होतं. फुलांत राहा, मन प्रसन्न राहील, असं म्हणाल्या होत्या. दोन्ही वेळा. आणि आता तिसऱ्यांदाही.

“याच्यामुळेच... झालं असेल का हो?”

“काय झालं?” तपासणीसाने विचारलं. मग त्यांच्या नजरेच्या रोखाने त्याने मागच्या टेबलाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “नक्की मी नाही सांगू शकत. पण आजच डॉक्टरांना दाखवा.”

मावशी बादल्यांना धडकत मागे गेल्या. लेक सुतळी आवळत होती. आईचा चेहरा पाहून तिने भुवया उंचावल्या. बोलायला तोंड मोकळं नव्हतं.

लहानपणी ती माती खायची, तेव्हा धरायच्या तसा मावशींनी तिच्या हनुवटीखाली तळहात धरला.

“थुंक, बाळा,” त्या म्हणाल्या.