चार सेविकांचा मजला

मित्रांनो, बीड बायपासच्या आत एक वृद्धाश्रम आहे. त्याच्या पहिल्या मजल्यावर जिन्याजवळ भिंतीला टेकून उभी असते ती मी, एक जुनी चाकांची खुर्ची. वाळूजच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये नळ्या वाकवून, निळं रेक्झिन ताणून मला घडवलं. एका देणगीदार मंडळानं मला इथं दिलं. मंडळ आश्रमाला दरवर्षी मदत करी, पण त्याची एक अट होती. दिवसा प्रत्येक मजल्यावर निदान चार सेविका हव्यातच.

सुरुवातीला त्या होत्याही. ते माझे सुखाचे दिवस. माझ्यावर बसायच्या भानुमतीबाई. त्यांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि म्हातारपणी पक्षाघातानं त्यांची डावी बाजू गेली. गंगापूरकडची साळूबाई मला ढकलत गॅलरीत न्यायची. बाई समोरचा डोंगर दाखवून काहीबाही सांगायच्या आणि साळूबाई माझ्या मुठींवर रेलून ऐकायची.

"बाई, तुमी शिकवलं असतं तर मी बी पास झाले असते," ती म्हणायची.

पुढं एक सेविका बिडकीनच्या कंपनीत लागली. दुसरीचे गुडघे गेले. तिसरी न सांगताच निघून गेली. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. "माणसंच मिळत नाहीत," व्यवस्थापक म्हणायचे. सगळा मजला एकट्या साळूबाईवर पडला. माझं एक चाक कुरकुरू लागलं, पण मी कुणाला दोष देऊ? जिथं माणसांच्या आंघोळीला दुपार व्हायची, तिथं मला तेल कोण घालणार?

मग मंडळाच्या पाहुण्यांचं पाहणीला यायचं ठरलं. त्या दिवशी मला पुसून लख्ख केलं. मजल्यावर निळे एप्रन घातलेल्या चार बाया उभ्या राहिल्या. त्यांत एक साळूबाई, एक खालची स्वयंपाकीण, आणि दोघी कुठल्या ते मलाही ठाऊक नाही. पाहुण्यांनी वाकून विचारलं, "काय आजी, सगळ्या नीट बघतात ना?"

साळूबाईची पकड माझ्या मुठींवर घट्ट झाली.

"साळू बघते," भानुमतीबाई म्हणाल्या. "बाकीच्यांना मी आजच पाहतेय. एकटीला हा मजला झेपत नाही हो. आणखी माणसं द्या."

व्यवस्थापक हसले. "वय झालं की विसर पडतो, साहेब."

पाहुणेही हसले आणि बाईंच्या खांद्यावर थोपटून पुढं गेले. दुसऱ्या दिवशी मजल्यावर पुन्हा साळूबाई एकटीच होती.

एप्रिलातली सकाळ होती. साळूबाईनं बाईंना गॅलरीतल्या सावलीत बसवलं. "बसा जरा इथं. आप्पांना दोन घास भरवते अन् आलेच." आप्पा शेजारच्या खोलीत राहायचे. घास घेता घेता त्यांचा तोल गेला आणि ते पलंगावरून खाली आले. कपाळाला खोक पडली. साळूबाई पदरानं जखम दाबून बसली. हात काढला की रक्त यायचं.

इकडं ऊन सरकत आलं. बाईंनी उजव्या हातानं माझं चाक रेटलं. मित्रांनो, एकाच बाजूचं चाक रेटलं की मी पुढं जात नाही, जागच्या जागी फिरते. त्या पुन्हा पुन्हा रेटत राहिल्या. शेवटी उन्हाकडं पाठ करून त्यांनी पदर डोक्यावर ओढला.

"साळू," त्यांनी हाक मारली.

"आले बाई, आलेच," आतून उत्तर आलं. मग साळूबाई जिन्याच्या दिशेनं ओरडू लागली, "अगं, वर या गं कुणीतरी."

खाली कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. स्वयंपाकीण धावत वर आली तेव्हा बाईंची मान छातीवर पडली होती. अंग तापलं होतं, लुगडं ओलं झालं होतं. मी त्यांना सावलीपर्यंतही नेऊ शकले नव्हते.

आप्पा टाके घालून परतले. बाईंना दवाखान्यातून त्यांच्या मुलानं, देवेशनं, परत आणलं. त्यानंच त्यांना माझ्यावर बसवून खोलीत नेलं. व्यवस्थापक सोबत चालत होते. "फार निष्काळजी बाई होती. काढून टाकली तिला."

"ती एकटी होती रे," भानुमतीबाई म्हणाल्या.

"आई, तू आता त्रास करून घेऊ नकोस," देवेश म्हणाला. संध्याकाळी तो पुण्याला गेला.

आता साळूबाईच्या जागी विशाखा नावाची मुलगी आली आहे. तीही एकटीच आहे. परवा तिनं विचारलं, "आजी, गॅलरीत नेऊ का?" बाईंनी मान हलवली. "राहू दे गं. तुला बाकीच्यांचं करायचंय." तेव्हापासून मी इथं उभी आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी अशा ठिकाणी राहत असेल, तर भेटायला जाल तेव्हा फरशी किती चकचकीत आहे एवढंच पाहू नका. त्यांच्याजवळ बसा. त्यांना आतून एक हाक मारायला सांगा. मग दाराकडं बघत राहा, कुणी येतंय का ते.