केशोरावाने न ऐकलेली खोड

मित्रांनो, मी एक जुना लष्करी वायरलेस सेट आहे आणि मला केशोरावाचा राग आहे. तो अजून गेलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे गोष्ट संपल्यावर 'जाऊ दे, मन मोठे कर' असे मला कोणी समजवायला नको. माझे मन लोखंडी पेटीत बसवलेले आहे. ते मोठे होत नाही.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. अंगावर हिरवा रंग, जाड पत्रा आणि पोटात काचेचे व्हॉल्व्ह. हे व्हॉल्व्ह तापले की मी लांबचे ऐकतो आणि लांबवर बोलतो. लढाईत मी ब्रह्मदेशाच्या चिखलात होतो. कितीतरी जिवंत माणसांची खबर मी तिथून मागे पोहोचवली. लढाई संपली आणि सत्तेचाळीस साली जबलपूरकडच्या एका लिलावात मला फुटक्या बादल्यांबरोबर भंगारात काढले. रागाचा पहिला धडा मी तिथे शिकलो.

त्या ढिगातून मला चैतरामने उचलले. चैतराम गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये विजेच्या मोटारी दुरुस्त करणारा मिस्त्री. लढाईत तोही सिग्नलच्या पलटणीत होता, म्हणून माझी किंमत त्याला कळली. छोट्या लाईनच्या रेल्वेगाडीत पायाशी जागा असतानाही त्याने मला मांडीवर घेऊन आणले. त्याची बायको शामकला हिने मला दारातच अडवले आणि ही पेटी घरात काय खाते, काय देते, असे विचारले. पण संध्याकाळपर्यंत तिनेच माझ्यासाठी फळी रिकामी केली.

चैतराम हौशी रेडिओवाला झाला. म्हणजे गाणी ऐकणारा नव्हे, तर परीक्षा देऊन, सरकारी परवाना काढून स्वतःच्या सेटवरून जगाशी बोलणारा. मोर्सच्या चावीवर बोट ठेवून टिकटिक करायची आणि तिकडून टिकटिक ऐकायची, हीच त्याची भाषा. दर रविवारी सकाळी तो कोलंबोला फर्नांडिसशी बोलत असे. फर्नांडिस त्याचा पलटणीतला जोडीदार. बोलणे काय मोठे नसायचे. धान कसे आहे, पोरगी चालायला लागली का, तुझ्या गुडघ्यातला छर्रा थंडीत दुखतो का. पण तेवढ्यावर चैतरामचा आठवडा निघायचा.

मला एक खोड होती. सलग बोलत राहिलो की माझा मोठा व्हॉल्व्ह भडकू लागायचा. चैतरामने ती लवकरच ओळखली. थोडे बोलणे झाले की मी माझा सूर जरासा खाली घसरवायचो आणि तो समजून मला बंद करायचा. मग उंबऱ्यावर बसून एक विडी ओढायचा. विडी संपली की मी गार झालेला असायचो. 'विडीभर विसावा' असे तो म्हणायचा. ज्याला एवढे कळते त्याच्यासाठी सेट जीव टाकतो.

पुढे फर्नांडिस नोकरीसाठी आफ्रिकेत मोम्बासाला गेला. माझा आवाज तिथपर्यंत पोहोचेना. दर रविवारी चैतराम हाका मारायचा आणि कान लावून बसायचा. मला नुसती खरखर ऐकू यायची. ती त्याला ऐकवताना मला लाज वाटायची.

आता मेळ्याची गोष्ट. हिवाळ्यात एका रविवारी सुमित्राबाईंच्या मिलच्या आवारात हौशी रेडिओवाल्यांचा मेळा भरायचा. सुमित्राबाई म्हणजे चैतरामच्या मिलच्या मालकीण. हा मेळा त्यांच्या नवऱ्याने सुरू केला होता आणि तो गेल्यावर बाईंनी बंद पडू दिला नाही. नागपूर, रायपूर, जबलपूरहून माणसे यायची. धान वाळवायच्या फरशीवर चादरी अंथरून कोणी व्हॉल्व्ह मांडायचा, कोणी तारेची वेटोळी, कोणी कानाला लावायचे फोन. पैसा चालत नसे, वस्तूला वस्तू. आणि रीत एकच होती. अदलाबदल करण्याआधी दोघांनीही आपापल्या वस्तूची खोड मोठ्याने सांगायची आणि समोरच्याने ती ऐकून घ्यायची. खोड लपवली आणि उघड झाली, तर लपवणाऱ्याने पदरचे घालून ती भरून द्यायची.

केशोरावाचे बाजारात रेडिओचे दुकान होते. त्या साली तो एक भलामोठा सेट घेऊन आला. मोम्बासा काय, त्याच्याही पलीकडे जाईल, असे तो छाती ठोकून सांगत होता. बदल्यात त्याला मी हवा होतो, कारण लष्करी सेट दुकानात ठेवला की गिऱ्हाईक आपोआप आत येते. चैतराम किती वेळ माझ्यावर हात ठेवून उभा होता. शेवटी मोम्बासाने मला हरवले. मी त्याच्यावर रागावलो, खोटे कशाला बोलू? पण तो राग घरातला होता.

केशोरावाने आपल्या सेटची खोड सांगितली ती अशी, की थोडा जड आहे. बस. मग चैतराम माझी खोड सांगू लागला, तर केशोराव हसला.

"छोड ना गा," तो म्हणाला. "मिल्ट्रीच्या सेटची खोड तू मले सांगून रायला? माह्यावालं दुकान कायचं हाये?"

सुमित्राबाई तेव्हा जेवणाच्या पंगतीकडे होत्या. चैतराम भिडस्त.  माझी खोड त्याच्या तोंडातच राहिली.

मला दुकानात फळीवर बसवले. दोनच दिवसांनी चैतराम उतरल्या चेहऱ्याने दुकानाच्या पायरीशी आला. मोठ्या सेटचा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे ज्यातून त्याला वीज मिळते ते काळीजच, आधीपासून जळलेला होता आणि वरून काळे वार्निश मारलेले होते. केशोरावाने गिऱ्हाइकाकडे बघत बघत सांगितले की नेला तेव्हा चांगला होता, तूच जाळला असशील. सेट आधीच जळका होता हे सिद्ध करायला साक्षीदार नव्हता, म्हणून चैतराम आला तसा परत गेला. त्याच्या हातात ना मी, ना मोम्बासा. त्या क्षणी मी ठरवले, केशोराव, तुला सोडणार नाही.

सेटला एक गोष्ट छान जमते, ती म्हणजे वाट पाहणे. दुकानात मला घटकाभर लावायचे आणि बंद करायचे, त्यामुळे माझी खोड कोणाला दिसली नाही. मी पुढच्या मेळ्याची वाट पाहिली.

तो मेळा आला. केशोरावाला यंदा मेळ्याचा प्रमुख व्हायचे होते. बाहेरच्या पाहुण्यांपुढे त्याने मला मधोमध टेबलावर मांडले. मिलच्या धुराड्यापासून कडुनिंबापर्यंत माझी एरियलची तार ताणली. मग त्याने चावी हाणायला सुरुवात केली. कलकत्ता बोलले. मद्रास बोलले. कोलंबो बोलले. पाहुणे मान डोलवत होते. चैतराम आणि शामकला फरशीच्या कडेला उभे होते.

माझा मोठा व्हॉल्व्ह भडकू लागला. मित्रांनो, चैतरामला मी अशा वेळी सूर घसरवून इशारा देत असे. केशोरावाला दिला नाही. पोटात आग पडली तरी मी सूर ताठ धरून ठेवला. सगळे आवार माझ्याभोवती गोळा होईपर्यंत धरला. आणि मग सोडला.

मी असा किंचाळलो की धुराड्यावरची पाखरे उडाली. पाठोपाठ धूर निघाला. केशोराव एकेक बटण पिळत सुटला, पण मी ऐकेना. त्याच्या कपाळावरचा घाम मला स्वच्छ दिसत होता आणि मला फार बरे वाटत होते.

चैतराम धावत आला. त्याने भिंतीजवळच्या माझ्या प्लगवर हात ठेवला. तो उपसला असता तर मी वाचलो असतो.

"खोड सांग ना गा याची," केशोराव ओरडला.

चैतरामने माझ्याकडे पाहिले. प्लगवरचा हात तसाच होता.

"सांगत होतो तं तुमी ऐकली नाई," तो म्हणाला. "आता पयले तुमची सांगा. रीत हाये."

 सुमित्राबाई पुढे आल्या आणि केशोरावाने कोणती खोड लपवून ठेवली, असे त्यांनी शांतपणे विचारले. केशोराव पाहुण्यांकडे बघे, माझ्या धुराकडे बघे. माझ्या आतली एकेक तार वितळत होती. चैतरामचे डोळे भरले होते, पण त्याने प्लग उपसला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही उपसला नसता.

"ट्रान्सफॉर्मर जळेल होता," केशोराव शेवटी पुटपुटला. "वार्निश मारून देलो."

तेव्हा चैतरामने प्लग उपसला. तोवर माझे काही उरले नव्हते.

सुमित्राबाईंनी रीतीप्रमाणे निवाडा केला. केशोरावाने स्वतःच्या घरच्या सेटचा ट्रान्सफॉर्मर काढून आणला आणि साऱ्या पाहुण्यांसमोर, फरशीवर गुडघे टेकून, तो चैतरामच्या सेटमध्ये बसवला. मलाही परत दिले. त्या दिवशी केशोराव जेवायला थांबला नाही. त्याला खाली मान घालून जाताना पाहिले, तेवढे माझ्या आयुष्याचे सुख.

पुढच्या रविवारी मोम्बासा बोलले. मी फळीवर होतो. मला काही ऐकू आले नाही. चैतरामचे बोट चावीवर नाचताना दिसले आणि शामकला दोन्ही हातांनी तोंड झाकून हसताना दिसली, त्यावरून मी ओळखले.

आता साठ साल उजाडले आहे. चैतरामने केशोरावाला केव्हाच माफ केले. केशोराव घरी येतो, चहा पितो आणि जाताना न विसरता फडक्याने माझ्यावरची धूळ पुसतो. फडके मऊ असते, हे मी कबूल करतो. माफीचे मात्र नाव काढू नका.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात सायकल असेल, शिवणयंत्र असेल, भिंतीवरचे घड्याळ असेल, तर त्याची खोड जाणून घ्या आणि त्याला वेळेवर विसावा द्या. आम्ही आधी हळूच सांगतो. ज्याने ऐकले नाही, त्याला मग चारचौघांत सांगतो, आणि त्यात आमचाही जीव जातो. ज्या फर्नांडिसच्या एका हाकेसाठी मी वर्षभर खरखर ऐकत बसलो, तो मोम्बासाहून कसा बोलतो हे मला आता कधीच कळायचे नाही. केशोराव फडके घेऊन आला की मी तेवढे आठवतो.