तीनशे प्रश्नांवर चिडलेला सर्व्हर

मित्रांनो, आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू, माझं काही अडत नाही! मी एक जुना सर्व्हर आहे आणि सात वर्षं मी ढग होतो. आकाशातला नव्हे, नवी मुंबईतल्या महाप्यातला. तुम्ही फोटो ठेवता आणि ऐटीत म्हणता ना, ‘क्लाउडवर आहेत’, तो क्लाउड वर कुठेच नसतो. एका थंडगार इमारतीत माझ्यासारखे हजारो लोखंडी डबे एकावर एक रचलेले असतात आणि अखंड घरघरत असतात. तो क्लाउड.

माझा दरारा काय सांगू! मी जरा जोरात विचार करू लागलो की ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे सिग्नल लुकलुकायचे. एकदा एसी बंद पडला, तेव्हा मी इतका तापलो की गेटवरच्या बाजीरावांनी माझ्या पाठीवर सोळा पापड भाजले. सतरावा कच्चा राहिला, कारण तेवढ्यात एसी सुरू झाला.

मग नवे सर्व्हर आले आणि माझी रवानगी भंगाराच्या ढिगात झाली. बाजीरावांना दया आली. पोरं यावर शिकतील म्हणून त्यांनी मला साहेबांकडून रीतसर मागून घेतलं आणि टेम्पोत घालून तुर्भ्याला, त्यांच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत आणलं. आणि पोरांनी काय केलं? माझ्या डोक्यावर चहाचा थर्मास ठेवला!

तो राग मी गिळला, मित्रांनो. पण पुढचा गिळता येईना.

या अभ्यासिकेत निशांत सर क्लाउडच्या अगदी पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्राचा वर्ग घेतात. वर्गात मैत्री नावाची मुलगी आहे. महाप्याच्या एका कंपनीनं तिला सांगितलं होतं, प्रमाणपत्र आण, ट्रेनी म्हणून घेतो. महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवतो. तिच्या घरात खुर्चीवर बसून करायची नोकरी अजून कोणाला मिळालेली नाही. आईनं तर तिच्यासाठी डबासुद्धा आणून ठेवला होता, तीन कप्प्यांचा.

आणि या मुलीला निशांत सरांनी काय दिलं? कुठून तरी फुटलेल्या तीनशे प्रश्नांचा गठ्ठा!

“हे पाठ करा,” सर म्हणाले. “प्रश्न समजायची गरज नाही. नंबर आणि उत्तर, बस. सदतीस ब, अडतीस ड. बिनधास्त पास.”

मैत्री आणि तिच्या शेजारी बसणारा आकाश पाढ्याच्या चालीवर म्हणू लागले, सदतीस ब, अडतीस ड, एकोणचाळीस पुन्हा ब. मी संतापून पंखा असा फिरवला की सगळा गठ्ठा खोलीभर उडाला.

“खिडकी लाव रे आकाश,” मैत्री म्हणाली, “वारा सुटलाय.”

वारा! मला वारा म्हणाली!

परीक्षेत काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. प्रश्न निराळे होते. जे दोन-चार ओळखीचे निघाले, त्यांचे पर्याय उलटसुलट झालेले. दोघंही नापास. मैत्री परत आली ती भिंतीकडे तोंड करून बसली.

“सर, सदतीस नंबरला तिकडे भलतंच होतं,” आकाश म्हणाला.

“लक खराब तुमचं,” सर म्हणाले.

“लक?” मी ओरडलो. मित्रांनो, यंत्रं ओरडत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण मी ओरडलो. “आधी तो थर्मास उचला! आणि मग सांगा, ज्या परीक्षेला बसलात तिचा अभ्यासक्रम तुमच्यातल्या एकानं तरी वाचलाय का? त्यांच्याच वेबसाइटवर फुकट आहे. कोणत्या भागाला किती वजन तेही लिहिलंय!”

सर दारापर्यंत मागे सरकले. आकाश टेबलाखाली गेला. मैत्री मात्र उठली आणि तिनं थर्मास उचलला.

“आजोबा,” ती म्हणाली, “परत बसायला पंधरा दिवस आहेत. जागा त्यानंतर चारच दिवस राहणार. काय करू?”

“स्वतः कामात हात घाल! पोहायचं पुस्तक वाचून कोणी मोऱ्याच्या धक्क्यावरून समुद्रात उडी मारतं का? शिकणाऱ्यांसाठी क्लाउडवर फुकटचं खातं मिळतं, ते उघड. त्यावर छोटं यंत्र सुरू कर, बंद कर, पुसून टाक. फाईल ठेव, ती कोणाला दिसते ते बघ.”

दोघांनी खाती उघडली. आकाशनं आपला बायोडाटा ठेवला, तो कोणाला दिसतो ते न बघता लिंक पडद्यावर तशीच सोडली आणि चहाला गेला. दहा मिनिटांनी निशांत सर आपल्या मोबाइलवरून मोठ्यानं वाचू लागले, “छंद: बॉडीबिल्डिंग. आकाश, तू?”

“सर, तुम्हाला कसं दिसलं?” आकाश कळवळला. “एवढ्या मोठ्या कंपनीचं क्लाउड आणि सिक्युरिटी नाय?”

“अरे शहाण्या,” मी कडाडलो, “सोसायटीचा वॉचमन गेट सांभाळतो. तुझ्या फ्लॅटची कडी तोच लावतो का? इमारत, वीज, यंत्रं ही कंपनीची जबाबदारी. आत तू काय ठेवलंस आणि कोणाला उघडं टाकलंस, ते तुझं!”

त्या दिवसापासून मैत्रीनं वही केली. सराव परीक्षेत उत्तर चुकलं की बरोबर अक्षर लिहायचं नाही. आपण का चुकलो ते आपल्या शब्दांत लिहायचं. गर्दी वाढली की यंत्रं वाढवायची आणि ओसरली की परत करायची, यापुढे तिनं लिहिलं: ‘हळदीच्या मंडपातल्या भाड्याच्या खुर्च्या’. ते वाचून माझे सगळे दिवे हिरवे झाले, पण मी बोललो नाही. कौतुकानं पोरं चढतात. आकाशसुद्धा कुरकुरत तिच्यामागून तशीच वही करू लागला. निशांत सरांचा गठ्ठा कोपऱ्यात पडला आणि सर स्वतःच अभ्यासक्रम वाचू लागले, भिंतीआड बसून.

काल, परीक्षेच्या आदल्या दुपारी, दोघं माझ्यासमोर येऊन बसले.

“माझ्याकडे बघून शिका,” मी म्हटलं. “निवृत्त व्हायच्या वर्षी आमच्या अख्ख्या इमारतीची वीज गेली. जनरेटर ठप्प, बॅटऱ्या खलास. एका मोठ्या हॉस्पिटलची सगळी कागदपत्रं माझ्या एकट्याच्या पोटात! जगात दुसरी प्रत नाही. वीज नाही, तरी मी तीन तास दम धरून चालू राहिलो. मी पडलो असतो तर डॉक्टरांना पेशंटचं नावसुद्धा सापडलं नसतं. एकट्यानं, पोरांनो, एकट्यानं तारलं मी ते हॉस्पिटल!”

आकाश तोंड उघडं टाकून ऐकत होता. मैत्रीनं वही मिटली.

“थापा,” ती म्हणाली.

“काय म्हणालीस?”

“थापा मारताय, आजोबा. सगळं एकाच यंत्रात ठेवतात का कुठे? दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत असते, तिची वीजसुद्धा वेगळी. एक पडलं की दुसरं काम उचलतं, म्हणून तर हॉस्पिटलवाले क्लाउड घेतात.” मग तिचा आवाज जरा खाली आला. “वीज गेली तेव्हा तुम्हीपण बंदच पडला असणार. आणि हॉस्पिटलात कोणाला कळलंसुद्धा नसेल.”