थकलेल्या अक्षराबद्दल अभिप्राय

मला विचारलेला प्रश्न

कोणीही विचारला नाही. तेहतीस वर्षं मी वादातले कागद तपासले, आणि माझा प्रत्येक अहवाल याच मथळ्याने सुरू व्हायचा. सही खरी की खोटी? मजकूर एकाच हातचा का? आता मी निवृत्त आहे, आणि कॉलेजच्या फॉरेन्सिक विभागाचा सल्लागार. म्हणजे वर्षातून दोनदा जाऊन खुर्चीत बसायचं. "बिस्किटं खाऊन येता आणि वर दमलो म्हणता," असं आमची ही म्हणते. तिचं बरोबर आहे. दमतो मात्र खरंच.

उपस्थित

विषं तपासणाऱ्या बाई. मुलं त्यांना मागे विषकन्या म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही.

वकील. याने साक्षीच्या पिंजऱ्यात वर्षानुवर्षं माझी सालटी काढली. आता शेजारी बसून माझ्याच बशीतलं उचलतो.

विभागप्रमुख. ही माझी जुनी विद्यार्थिनी. एका जागी टिकायची नाही म्हणून मी तिला भिंगरी म्हणायचो. आता चाळिशी ओलांडली आहे, आणि बैठक सुरू झाल्यापासून एकदाही उठली नव्हती.

विषय

सोमवारी विद्यापीठाची माणसं मान्यतेची तपासणी करायला येणार. त्यांना एक प्रमाणपत्र लागतं: शेवटच्या वर्षाची सगळी प्रात्यक्षिकं नियमाप्रमाणे झाली. खाली तिन्ही सल्लागारांच्या सह्या. ते नसेल तर अभ्यासक्रम बंद, आणि एकतीस मुलं ना धड इकडची ना तिकडची.

"आणा इकडे," वकील म्हणाला आणि न वाचता सही केली.

"वाचत जा हो," विषकन्या म्हणाल्या.

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या वाचल्या, बाई. स्वतःची तरी न वाचता करू द्या."

त्याही हसल्या आणि त्यांनीही केली. मग कागद माझ्याकडे सरकला. त्याच्यासोबत पुरावा म्हणून प्रात्यक्षिकांची नोंदवही होती. ती कोणी उघडत नाही. मीही उघडली नसती, पण चष्मा लावलेलाच होता आणि हाताला सवय आहे.

तपासलेली वस्तू

एक जाड पुठ्ठ्याची नोंदवही. अडतीस पानं लिहिलेली, आठ महिन्यांच्या तारखा. प्रत्येक पानावर प्रयोगाचं नाव, हजेरी आणि विभागप्रमुखांची सही. सगळा मजकूर तिच्याच अक्षरात. निम्म्याहून जास्त प्रयोग मोठ्या मायक्रोस्कोपवरचे, ज्यात बंदुकीच्या दोन गोळ्या शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यावरचे ओरखडे जुळवून बघतात.

निरीक्षण

पहिल्या पानावर प्रत्येक शब्दाला शिरोरेघ आहे, सरळ, आखल्यासारखी. दहाव्या पानावर ती अधूनमधून सुटते. पंचविसाव्या पानापर्यंत शेवटच्या अक्षरावर पोचतच नाही. अडतिसाव्यावर शब्द नुसते उघडे बसलेत. आता, माणूस आठ महिन्यांत असा सलग दमत नाही. मधे झोपतो, रविवारी आराम करतो, सुट्टीनंतर अक्षर पुन्हा ताठ होतं. ही एका रात्रीची दमणूक होती. ती आठ महिन्यांवर पसरून ठेवली होती.

निरीक्षण, जे अहवालात मी घातलं नसतं

एकोणतिसाव्या पानाच्या कोपऱ्यात मेणाच्या खडूची हिरवी रेघ आहे, कोणीतरी खरवडून काढायचा प्रयत्न केलेली. भिंगरीची मुलगी पाच वर्षांची आहे. म्हणजे वही घरी, जेवणाच्या टेबलावर लिहिली गेली.

अहवाल इथे मोडतो

"मी सावकाश वाचून करतो," मी म्हणालो. बाकीचे दोघं निघून गेले. जिन्यात वकिलाचं हसू ऐकू आलं.

"सर, सही तेवढी करा ना. प्राचार्य साहेबांकडे नेऊन द्यायचंय."

"किती वाजता बसलीस लिहायला?"

ती म्हणाली, "पेनं बदलली होती मी."

"दर सोमवारी बदललीस. निळं, काळं, निळं, जेल, पुन्हा निळं. एवढ्या नेमाने कोण पेन बदलतं गं? पेन संपतं, हरवतं, कोणीतरी ढापतं."

"तुम्हीच शिकवलंत, शाई बघा म्हणून."

"अर्धंच शिकलीस."

"अर्ध्यावर पोट भरतंय माझं." ती हसली आणि लगेच थांबली. "सर, मायक्रोस्कोप चौदा महिने बंद आहे. तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं.

"तीन बैठका झाल्या. तिन्ही वेळा तुम्ही ठराव केलात, यंत्र तातडीने दुरुस्त करावे. तातडीने! मी कागद पुढे नेला की ऑफिसातला क्लार्क म्हणतो, आल्या का तातडीबाई. चौथ्यांदा नेला नाही मी. घरी गेले आणि वही लिहिली."

तिन्ही ठरावांखाली माझी सही आहे. खरी आहे, मी स्वतः ओळखतो.

"आम्ही परत विचारलं नाही," मी म्हणालो.

"नाही विचारलंत. चहा बरा होता म्हणालात."

अभिप्राय

आमच्या धंद्यात तीनच उत्तरं असतात: होय, नाही, सांगता येत नाही. तिसऱ्याने मला अनेकदा तारलंय. त्या दुपारीही मोह झाला. चष्मा विसरलो म्हणायचं, पुढच्या आठवड्यात करतो म्हणायचं, तोवर सोमवार उलटून जातो. किंवा सही करायची आणि घरी जायचं. साठी उलटल्यावर कोणाला लढाया हव्यात?

पण या एकतिसातलं कोणीतरी दोन वर्षांनी पिंजऱ्यात उभं राहील. समोर आमच्या वकिलासारखाच एक. तो विचारेल, या यंत्रातून आपण किती वेळा पाहिलंत? आणि कुठल्यातरी माणसाची सुटका किंवा जन्मठेप त्या उत्तरावर टांगलेली असेल. तो प्रश्न कोणत्या आवाजात विचारला जातो ते मी ऐकलंय.

"मी यावर सही करणार नाही, भिंगरी."

"मग एकतीस जणांना तुम्ही सांगा. माझ्यात त्राण नाही."

"सांगतो."

तिला हे अपेक्षित नसावं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. डोळे पुसले नाहीत, चोळले, झोप न झालेला माणूस चोळतो तसे.

मी प्रमाणपत्राचा छापील मजकूर खोडला आणि खाली लिहिलं: मायक्रोस्कोपवरची प्रात्यक्षिके झाली नाहीत. यंत्र चौदा महिने बंद आहे. सल्लागारांनी तीनदा ठराव केला आणि पाठपुरावा केला नाही. मुलांना सहा महिने मुदत द्यावी. मग सही केली. बाकीच्या दोघांना संध्याकाळी फोन करावा लागणार होता. विषकन्या ऐकून घेतील. वकील चिडेल, आणि मग सगळ्यात चांगला अर्ज तोच लिहून देईल.

"देतील मुदत?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"आणि माझं काय करतील?"

"तेही माहीत नाही. पण ते विचारण्याआधी तू सांगितलंस, एवढं तरी कागदावर राहील."

"वही फाडून टाकू?"

"फाडायची नाही. गिरवायची नाही. पानावर तिरकी एकच रेघ, खालचं सगळं वाचता येईल अशी. बाजूला खरं काय ते, सही, आजची तारीख."

"अडतीस पानं?"

"अडतीस."

तिने वही ओढून घेतली. पहिल्या पानावर रेघ मारली. मग लिहिलं, प्रात्यक्षिक झाले नाही. दुसरं पान. तिसरं. काही पानांवर ती थांबून म्हणायची, "हे झालं होतं सर, हे खरंच झालं होतं," आणि मी म्हणायचो, "मग तसं लिही." शिपाई दार लावायला आला आणि आम्हाला बघून परत गेला. माझी पाठ धरली होती. उठावंसं वाटत होतं, उठलो नाही.

एकविसाव्या पानावर मान वर न करता ती म्हणाली, "सोमवारी मी एकटी उभी राहणार नाही हं त्यांच्यासमोर."

"किती वाजता येणारेत?"

"साडेनऊला."

"मी नऊला येतो," मी म्हणालो. तिने पान उलटलं.